सनसेट स्ट्रिपचं घडीचं पुस्तक: दुसरी आवृत्ती घ्यावी का?

मुक्ता_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. दिवसभर इमारतींची एलिव्हेशन्स काढायची, म्हणजे रस्त्यावर बरोबर समोर उभं राहिलं तर इमारत जशी दिसेल तशी. त्यामुळेच असेल, पण एड रुशे या अमेरिकी चित्रकाराचं 'एव्हरी बिल्डिंग ऑन द सनसेट स्ट्रिप' (१९६६) एका प्रदर्शनात पाहिलं आणि तिथून पाय निघेना. लॉस एंजेलिसमधल्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या इमारती, ओळीनं, नंबरांसकट, एका लांबलचक घडीच्या पुस्तकात! पण ते काचेखाली होतं आणि त्याच्या चार-पाचच घड्या उघडून ठेवल्या होत्या. बाकीचा रस्ता मिटलेलाच.

तेव्हापासून अशी पुस्तकं जमवायचं मनात आहे. निसर्गरम्य फोटोंचे जाडजूड ग्रंथ नकोत. पेट्रोल पंप, पार्किंग, चाळीसारखी अपार्टमेंट्स, रिकामे प्लॉट, असं रोजचं शहर ज्यात आहे आणि जिथे फोटो नव्हे तर अख्खं पुस्तक हीच कलाकृती आहे, ती हवीत. पगारातून थोडे पैसे बाजूला पडलेत. परदेशातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे सनसेट स्ट्रिपची १९७१ची दुसरी आवृत्ती आहे. किंमत झेपेल, पण जेमतेम. ओळखीतल्या एका संग्राहकांनी सांगितलं, "पहिली आवृत्ती नसेल तर त्याला संग्रह म्हणू नये." ते ऐकल्यापासून अडखळलेय.

दुसरी आवृत्ती घेणं खरंच कमी प्रतीचं आहे का? विक्रेता सांगतो तीच आवृत्ती आहे हे इथे बसून कसं ओळखायचं? आणि आमच्या घरी पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथे अशी वस्तू ठेवणं शहाणपणाचं आहे का?

जुनी_पाने (पॅसाडीना)

मुक्ता, दुसरी आवृत्ती घे. आधी हे सांगून टाकते, कारण असं पुस्तक विक्रेत्याकडे तुझी वाट बघत थांबत नाही.

मी इथे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक-दुरुस्तीच्या विभागात बरीच वर्षं काम केलं. रुशेची बहुतेक छोटी पुस्तकं माझ्या टेबलावरून गेली आहेत. ती जपायची कशी हे मला कामानं शिकवलं, पण ती बनली कशासाठी हे आधी कळायला हवं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स' हे त्यांचं पहिलं पुस्तक. आत १९६२ छापलंय, बाहेर आलं १९६३ मध्ये. रुशे ओक्लाहोमा सिटीत वाढले आणि १९५६ मध्ये शिकायला लॉस एंजेलिसला आले. घरी जायचा-यायचा रस्ता म्हणजे रूट ६६ हा जुना महामार्ग. त्या रस्त्यावरचे सव्वीस पेट्रोल पंप, बहुतेक पानांवर एकेक, खाली फक्त कंपनीचं आणि गावाचं नाव. ना प्रस्तावना, ना लेख. सुरुवात लॉस एंजेलिसच्या 'बॉब्ज सर्व्हिस'पासून होते आणि शेवटचा पंप टेक्सासमधल्या ग्रूम गावचा, 'फिना' कंपनीचा. पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रती काढल्या आणि प्रत्येकीवर क्रमांक घातला. हा क्रमांक घालणं चुकलं, असं रुशेंनी स्वतः १९६५ मध्ये 'आर्टफोरम' या कला-मासिकातल्या मुलाखतीत सांगितलं. मोजक्या लोकांसाठीची मौल्यवान वस्तू त्यांना नकोच होती. यंत्रातून निघाल्यासारखं, स्वच्छ, सफाईदार, पुष्कळ प्रतींचं पुस्तक हवं होतं. पुढे त्यांनी केलंही तसंच. त्याच पुस्तकाच्या १९६७ मध्ये ५०० प्रती आणि १९६९ मध्ये ३,००० प्रती काढल्या, बिनक्रमांकाच्या. सनसेट स्ट्रिपच्या १९६६ मध्ये १,०००, तर १९७१ मध्ये ५,०००. आता तूच बघ, कलाकाराच्या मनात जे होतं त्याच्या जास्त जवळ कोणती प्रत जाते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हे पेट्रोल पंपांचं पुस्तक २ ऑक्टोबर १९६३ रोजी नाकारलं होतं. रुशेंनी त्याचीच जाहिरात केली! 'आर्टफोरम'मध्ये पुस्तकाचं चित्र, वर 'रिजेक्टेड' असा ठळक शब्द आणि खाली किंमत तीन डॉलर. ज्याला एवढ्या मोठ्या ग्रंथालयानं पुस्तकच मानलं नाही ते आज काचेखाली बसलंय आणि त्याची पानं कुणी उलटू शकत नाही, हे मला फार लागतं.

आता सनसेट स्ट्रिप. पिकअप ट्रकच्या मागे मोटर लावलेला निकॉन कॅमेरा बसवला, रस्त्याच्या एका बाजूनं जात फोटो काढले, मग दुसऱ्या बाजूनं. ते शेजारी-शेजारी चिकटवून दोन पट्ट्या केल्या. एक बाजू पानाच्या वरच्या कडेला, समोरची बाजू खालच्या कडेला उलटी छापलेली, आणि मधली कोरी पांढरी जागा म्हणजे रस्ता. खाली इमारतींचे नंबर आणि छेदणाऱ्या गल्ल्यांची नावं. पूर्ण उघडलं की सुमारे साडेसात मीटर लांब. ते घेऊन कधी मोकळ्या पॅसेजमध्ये बस. जमिनीवर घडी-घडीनं उघडत गेलं की एसटीच्या खिडकीत बसल्यासारखा रस्ता सरकत जातो, आणि टोकाला पोचल्यावर वळून समोरच्या बाजूनं परत यायचं. दोघं असाल तर एकानं एका बाजूला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला बसावं, दोघांना आपापला फूटपाथ सरळ दिसतो.

तू एलिव्हेशन काढतेस, म्हणून एक गोष्ट तुझ्या नजरेला नक्की पडेल. फोटोंचे सांधे लपवलेले नाहीत. सांध्यावर उभी असलेली गाडी मधूनच कापली गेली आहे, बॉनेट आहे तर डिकी नाही. ड्रॉइंगमध्ये आपण इमारतीपुढच्या गाड्या, झाडं, तारा काढूनच टाकतो. इथे त्या आहेत. '८९०१' वर 'व्हिस्की अ गो गो' आहे, ज्या क्लबमध्ये तेव्हा रात्री गर्दी मावत नसे, पण पुस्तकात तो भर दुपारी शेजारच्या दुकानांइतकाच गप्प उभा आहे. प्रसिद्ध जागेला मोठा फोटो नाही आणि रिकाम्या प्लॉटला छोटा नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक फुटाला सारखी जागा. मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं, आणि ते एकेक घडी उलगडत गेल्याशिवाय कळत नाही. काचेखालच्या चार घड्यांत ते दिसणारच नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याला उघडता येईल ती प्रत घ्यावी. पहिल्या आवृत्तीची प्रत तुझ्याकडे असती तर तू ती जमिनीवर पसरली असतीस का? मनाशी खरं उत्तर दे.

पुढे काय जमवायचं म्हणशील तर 'थर्टीफोर पार्किंग लॉट्स' (१९६७) कुठेतरी बघून ठेव. आर्ट अलानिस या छायाचित्रकाराकडून हेलिकॉप्टरमधून काढून घेतलेले रिकाम्या पार्किंगचे फोटो आहेत. त्यात डॉजर स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानाचंही आहे. गाड्या नाहीत, पण प्रत्येक खणात इंजिनातून ठिबकलेल्या तेलाचा काळा डाग आहे, आणि दाराजवळच्या खणांत तो जास्त गडद आहे. लोकांना कुठे गाडी लावायला आवडतं याचा नकाशाच तो. तुझ्या ऑफिसात पार्किंगचे लेआउट होत असतील, तर हे पुस्तक तुला इतरांपेक्षा जास्त बोलेल. 'रिअल इस्टेट ऑपॉर्च्युनिटीज' (१९७०) म्हणजे विक्रीची पाटी लावलेले रिकामे प्लॉट, आणि 'अ फ्यू पाम ट्रीज' (१९७१) मध्ये आजूबाजूचं सगळं कापून टाकून नुसतं झाड आणि ते कुठल्या कोपऱ्यावर आहे तो पत्ता. या दोन्हींच्या प्रती हजारोंनी निघाल्या, त्यामुळे पेट्रोल पंपांच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा ती पुष्कळ सहज सापडतात. सही असली की किंमत एकदम चढते. सहीचा नाद तू करू नकोस.

कोलनकर

जुनी_पाने, तुमचा प्रतिसाद वाचून हरखलो. तरी एका मुद्द्यावर वेगळं मत मांडतो.

पहिल्या आवृत्तीकडे केवळ पैशाच्या नजरेनं बघणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पेट्रोल पंपांच्या पहिल्या प्रतीवरचा तो क्रमांक हाच एक पुरावा आहे. १९६३ मध्ये हा माणूस अजून चाचपडत होता, पुस्तकाला 'प्रिंट'सारखं, म्हणजे मोजक्या क्रमांकित प्रतींच्या छापचित्रासारखं वागवत होता, आणि मग ते सोडून पुढे गेला. ही हालचाल फक्त त्या ४०० प्रतींत दिसते. कुणीतरी त्या सांभाळल्याच पाहिजेत. मुक्ताताईंनीच सांभाळाव्यात असं मात्र नाही, त्यामुळे त्यांनी दुसरी आवृत्ती घ्यावी हे मला मान्य आहे.

मुक्ताताई, एकाच कलाकारावर थांबू नका. १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या छायाचित्रणाच्या संग्रहालयात 'न्यू टोपोग्राफिक्स' हे प्रदर्शन झालं. कारखान्यांच्या कोऱ्या भिंती, नव्या वसाहती, मोटेल असे माणसानं बदललेल्या भूभागाचे फोटो. त्यातल्या लुईस बाल्ट्झ यांचं 'द न्यू इंडस्ट्रियल पार्क्स निअर अर्व्हाइन, कॅलिफोर्निया' (१९७४) तुम्हाला आवडेल. ५१ फोटो, सगळे औद्योगिक शेड्सच्या भिंतींचे, आणि आत काय बनतं ते कळू न देणारे. त्याच प्रदर्शनात इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, बेर्न्ट आणि हिल्ला बेखर या छायाचित्रकार जोडप्याचंही काम होतं. पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कूलिंग टॉवर, सगळं ढगाळ उजेडात समोरून घेतलेलं. एलिव्हेशनच म्हणा. या पुस्तकांची पुनर्मुद्रणं निघाली आहेत.

आणि आपल्याकडचं एक आवर्जून सांगतो. छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं 'सेंट अ लेटर', गॉटिंगेनच्या श्टाइडल प्रकाशनानं २००८ मध्ये काढलेलं. कापडी डबीत सात छोटी घडीची पुस्तकं आहेत, त्यात एक मुंबईचं, एक कोलकात्याचं, एक अलाहाबादचं. घड्या उघडून फळीवर उभी केली की तेच प्रदर्शन. कोलकात्यात एका सराफाच्या दुकानाच्या काचेत ती अशी मांडली होती. अनेक प्रतींत निघणाऱ्या पुस्तकातूनच घराघरात प्रदर्शन भरावं, ही त्यांची भूमिका रुशेंच्या अगदी जवळची आहे.

वेखंड_पुणे

मी कागद-संवर्धनाचं काम करतो, बहुतेक पोथ्या आणि जुनी कागदपत्रं. ठाण्याच्या ओलीबद्दल मी लिहितो.

ठेवता येईल, पण भिंतीला लागून नको. ज्या भिंतीला ओल येते तिच्यापासून कपाट हातभर तरी पुढे ओढा, आणि बाहेरच्या भिंतीपेक्षा घराच्या आतल्या भिंतीकडची जागा बघा. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवा, तो फार महाग नसतो. आकडा ५०च्या आसपास असला की उत्तम. ६५-७०च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते. पावसाळ्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) वापरा, रंग बदलणारी घ्या. ती ओली झाली की रंग बदलते, तेव्हा वाळवून परत ठेवावी लागते. लोक ती एकदा ठेवतात आणि विसरतात.

फोटोंची पुस्तकं बहुधा गुळगुळीत कागदावर असतात. या कागदाला पाणी लागलं आणि तो दाबून ठेवलेला असला की पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. साध्या कागदापेक्षा याची काळजी जास्त. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. पीव्हीसीची कव्हरं तर मुळीच नकोत. मायलारचं (पारदर्शक पॉलिस्टरचं) कव्हर चालेल, दोन बाजू उघड्या ठेवून. त्यावर ॲसिड-फ्री पुठ्ठ्याची पेटी, मापानं बनवून घेतलेली. घडीचं पुस्तक आडवंच ठेवा. उभं ठेवलं की घड्या खाली ओघळतात आणि चिकटवलेल्या सांध्यांवर ताण येतो. सांधा सुटलाच तर सेलोटेप लावू नका, एवढं हात जोडून सांगतो. सेलोटेपचा पिवळा डाग काढण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं.

डांबराच्या गोळ्या नकोत. पोथ्यांत वेखंड ठेवायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पुरचुंडी करून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पुस्तकाला टेकवू नका. पण कसर लागू नये म्हणून खरा उपाय एकच, पुस्तक महिन्या-दोन महिन्यांनी काढून उघडायचं. जुनी_पाने म्हणतात तसं जमिनीवर पसरून बघत राहिलात तर निम्मं संवर्धन तिथेच झालं. हात धुऊन, कोरडे करून, खाली स्वच्छ चादर अंथरून.

पार्सल भर पावसात आलं तर लगेच फोडू नका. एक दिवस कोरड्या खोलीत तसंच राहू द्या, मग उघडा.

मुक्ता_ठाणे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. वेखंडकाका, कपाट आजच पुढे ओढलं. मागच्या भिंतीला बोट लावलं तर खरंच गार-ओलसर होती.

मावशी (म्हटलं तर चालेल ना?), विक्रेत्यानं दोनच फोटो पाठवलेत, एक चंदेरी डबीचा आणि एक मधल्या घडीचा. आणखी काय मागू? आणि मधल्या काळात घरबसल्या अख्खा रस्ता बघायची काही सोय आहे का?

जुनी_पाने (पॅसाडीना)

मावशीच म्हण, मला आवडेल.

कोलनकर, तुमचं पटलं. मीही ग्रंथालयात त्या प्रती त्याच भावनेनं हाताळल्या. सार्वजनिक संग्रहांनी पहिल्या प्रती जपाव्यात आणि आपल्यासारख्यांनी नंतरच्या वापराव्यात, ही वाटणी मला योग्य वाटते. मुक्ताला ज्यांनी "संग्रह म्हणू नये" असं सांगितलं त्यांच्याशी मात्र माझं जमणार नाही. संग्रह कशाचा करायचा हे बघणाऱ्याची नजर ठरवते, आवृत्तीचा आकडा नव्हे.

तुमच्या घडीच्या पुस्तकांवरून आठवलं. सनसेट स्ट्रिपच्या बारा वर्षं आधी, १९५४ मध्ये, तोक्योत 'गिंझा हाच्चो' निघालं होतं. योशिकाझू सुझुकींचे फोटो, गिंझाच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजू एका लांब घडीवर समोरासमोर. त्याला चित्रकार शोहाची किमुरांच्या गिंझावरच्या पुस्तकाची जोड होती. रस्ता पुस्तकात उलगडावा ही इच्छा लॉस एंजेलिसची एकटीची नव्हे. मुक्ता, तुझ्या यादीत हे असू दे, विकत मिळो न मिळो.

आता फोटो. पहिलं पान आणि प्रकाशनाचा तपशील स्पष्ट वाचता येईल असा माग. मग शेवटची घडी पूर्ण उघडून. १९६६च्या पहिल्या प्रतींत शेवटच्या पानाला जोडलेली एक अरुंद जादा घडी असायची, जेमतेम दोन इंचांची, शेवटची इमारत मावावी म्हणून. कुणी पहिली आवृत्ती म्हणून विकत असेल तर जाणकार आधी तिथेच बघतात. तुझी दुसरी आहे, म्हणून ती नसली तर घाबरू नकोस. त्यानंतर प्रत्येक सांध्याच्या मागच्या बाजूचा फोटो. कागदाच्या पट्ट्या चिकटवून ही लांबी झाली आहे, आणि कुणी हलक्या हातानं उघडलं नसेल तर तिथेच फाटतं. मागून टेप लावलेली दिसली तर किंमत कमी करून माग, किंवा सोडून दे. चंदेरी डबीच्या कडा घासलेल्या असणारच, तो चकचकीत कागद नाजूक असतो, त्याचं मनावर घेऊ नकोस. डबी नसेल तर मात्र घेऊ नकोस, कारण तीच त्याला दाबात ठेवते. शेवटी वास कसा आहे ते विचार. कुबट आहे का, असं सरळ विचारायचं. चांगला विक्रेता खरं सांगतो.

सीमाशुल्काचे पैसे वेगळे ठेव. २०१९च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर ५ टक्के शुल्क लावलं होतं, सध्या किती आहे ते मागवायच्या आधी बघून घे. पार्सलवर 'छापील पुस्तक' असंच लिहायला सांग. 'आर्टवर्क' लिहिलं तर प्रश्न वाढतील.

घरबसल्या बघायची सोय आहे, आणि छान आहे. रुशे १९६६ नंतरही तो रस्ता पुनःपुन्हा टिपत राहिले. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांचा त्यांचा सगळा साठा गेटी रिसर्च इन्स्टिट्यूटनं २०११ मध्ये घेतला, पाच लाखांहून जास्त फोटो. त्यातले सनसेट बुलेवार्डचे (स्ट्रिप हा याच रस्त्याचा एक तुकडा) ६०,०००हून अधिक '१२ सनसेट्स' या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. वर्ष निवडायचं, गाडी पुढे चालवायची, त्याच नंबरवर १९६६ मध्ये काय होतं आणि २००७ मध्ये काय आहे ते बघायचं. छापील हवं असेल तर 'देन अँड नाउ' (२००५) आहे, हॉलीवूड बुलेवार्डचे १९७३ आणि २००४ चे फोटो वर-खाली. ते मोठं आणि जड आहे, रुशेंच्या छोट्या पुस्तकांसारखं हातात मावणारं नाही, पण एका दुकानाच्या जागी तीस वर्षांत काय आलं हे शोधण्यात तुझी एक दुपार सहज जाईल.

पॅसेजची लांबी मोजून घे. साडेसात मीटर सलग मिळणार नसतील तर अर्धं-अर्धं उघड, पण मिटताना घडी घालायची तिच्याच दिशेनं, उलटी कधीच नाही. विक्रेत्याचे फोटो आले की इथे टाक, सांधे मी बघून सांगते.